कुळे स्टेशन सहा फुटांत

गोव्यातल्या कुळ्याला भरलेली मालगाडी येऊन उभी राहिली की नवख्या माणसाला वाटते, ही अडकली. बराच वेळ काहीच होत नाही. मग मागच्या बाजूने इंजिने येतात, हळूच टेकतात, त्या धक्क्याचा खणखणाट वाघिणी-वाघिणींतून, म्हणजे मालडब्यांतून, पुढे सरकत जातो आणि गाडी घाटाला लागते. मागून ढकलणाऱ्या या इंजिनांना बँकर म्हणतात. पायथ्याचे कुळे ते माथ्यावरचे कॅसलरॉक हा ब्रागांझा घाट १:३७ चढाचा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. नुसत्या पुढच्या इंजिनांना तो ओझ्यासकट झेपत नाही.

पहिली मॉडेल रेल्वे करायची म्हणणाऱ्याला मी हेच स्टेशन सुचवतो. मॉडेल रेल्वे म्हटले की खोलीभर गोल फिरणारे रूळ आणि एकदम पळणाऱ्या चार गाड्या डोळ्यांसमोर येतात. तसे काही करायला घेतलेली माणसे मी पाहिली आहेत. प्लायवूडवर रूळ ठोकून होतात, गाडी दोन दिवस गोल फिरते, मग त्यावर इस्त्रीचे कपडे साठतात. कुळ्याला गाडीला कुठे जायचेच नसते. येणे, थांबणे, बँकर लावणे, निघणे, एवढाच खेळ. आणि तो सहा फूट लांब, दीड फूट रुंद फळीवर बसतो.

आधी एकदा स्टेशनवर जाऊन या. प्लॅटफॉर्मवरूनच बघायचे, दूधसागरच्या दिशेने रुळांवरून चालत जायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. इंजिनाचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही खडीचा रंग बघा, स्लीपरच्या मधोमध पडलेला तेलकट काळा पट्टा बघा, भिंतीवर पन्हळीखालून उतरलेले ओघळ बघा. पुढे रंग करताना हेच फोटो उपयोगी पडतात.

माप ठरवणे

सर्वांत जास्त सामान मिळते ते एचओ मापात, म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे. रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. इथे एक गोम आहे. हे अंतर युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून आले आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरच्या थोडे वर येते. म्हणजे एचओच्या रुळांवर भारतीय गाडी ठेवली की रूळ जरा अरुंद दिसतात. काही लोक यावर तासन्‌तास वाद घालतात. नवख्याने वादात पडू नये, तयार रूळ घ्यावेत. फार खटकले तर इमारती आणि गाड्या १:१०० ने करा; त्या मापात हेच रूळ आपल्या ब्रॉडगेजला जवळजवळ तंतोतंत बसतात. पण मग तयार गाडी मिळणार नाही, सगळे हाताने.

जुना काळ हवा असेल तर गोष्ट वेगळी. मुरगावहून कॅसलरॉकपर्यंतची ही लाइन १८८८ मध्ये पूर्ण झाली ती मीटरगेज म्हणून, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिली. १:८७ मध्ये मीटरगेजसाठी १२ मिलिमीटरचे रूळ लागतात. सामान दुर्मीळ. दुसऱ्या लेआउटला, म्हणजे रुळांच्या दुसऱ्या मांडणीला, बघा.

लांबीचा हिशेब आधी कागदावर करा. कोळशाची उघडी वाघीण, जिला रेल्वेवाले बॉक्सएन म्हणतात, ती खरी पावणेअकरा मीटरच्या आसपास. मॉडेलमध्ये सव्वाबारा सेंटिमीटर. डिझेल इंजिन सुमारे २४ सेंटिमीटर. एक इंजिन, तीन वाघिणी, मागे एक बँकर मिळून ८५ सेंटिमीटर. खऱ्या गाडीला पन्नासच्या पुढे वाघिणी असतात, इथे तीन. उजव्या टोकाला झाडी दाट केली की डोळा उरलेल्या स्वतःच मोजतो.

फळी

इथे पैसे वाचवू नका. गोव्यात लेआउट मारतो तो पाऊस. साधे एमआर ग्रेड प्लायवूड जूनमध्ये ओल धरते, ऑगस्टपर्यंत मधोमध फुगते आणि रूळ उंटाच्या पाठीसारखे होतात. १२ मिलिमीटरचे बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. खाली दोन बाय एक इंची पट्ट्यांची चौकट. आणि नवखी माणसे हमखास विसरतात ते हे: वरची बाजू, खालची बाजू आणि चारही कडा, सगळीकडे ऑइल पेंटचे दोन हात द्यायचे. एकच बाजू रंगवली तर दुसऱ्या बाजूने ओल शिरते आणि फळी वाकते. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे. भिंतीला टेकवून ठेवू नका, वाळवीला तेवढाच रस्ता पुरतो.

उजव्या टोकाला तीन फुटांची सुटी फळी जोडायची, तिच्यावर फक्त सरळ रूळ. हा आपला घाट. गाडी डोंगराआड जाते ती या फळीवर, खेळ संपला की फळी काढून कपाटामागे.

रूळ आणि सांधा

एकच सांधा, म्हणजे गाडीने एका रुळावरून दुसऱ्यावर जायची जागा, लागतो. सरळ मुख्य लाइन, आणि डावीकडे, म्हणजे वास्कोच्या बाजूला, टोकापासून फूटभर आत सांधा बसवून मुख्य लाइनला समांतर उजवीकडे जाणारे छोटे सायडिंग. बँकर त्या सायडिंगवर उभा राहील. गाडी आली की तो डावीकडे सांध्याबाहेर येईल, सांधा बदलेल, आणि उलटा फिरून गाडीच्या शेपटाला टेकेल.

रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. पितळी रूळ स्वस्त पडतात, पण आपल्या खाऱ्या दमट हवेत लवकर काळवंडतात आणि इंजिन अडखळायला लागते. रुळांखाली २ ते ३ मिलिमीटर जाडीची कॉर्कची पट्टी चिकटवा, म्हणजे फळीचा घणघणाट कमी होतो आणि खडीला उतारही मिळतो. रूळ आधी नुसते टाचण्यांनी बसवा. चिकटवायचे नाहीत. डोळा रुळाच्या पातळीला आणून एका टोकाकडून बघा. वाकडेपणा वरून दिसत नाही, असा लगेच दिसतो.

वीज साधी आहे: १२ व्होल्ट डीसी, दोन रूळ म्हणजे दोन तारा, तारा उलट केल्या की इंजिन उलटे. पण दोन इंजिने असल्याने एक युक्ती लागते. सांध्याच्या जरा उजवीकडे मुख्य लाइनचा एक रूळ तोडून तिथे प्लॅस्टिकचा जोड घाला. आता उजवीकडची मुख्य लाइन हा एक भाग, आणि सांधा, सायडिंग, डावे टोक हा दुसरा. पहिल्या भागाच्या तारेत एक साधे बटण. गाडी अशी थांबवायची की शेवटची वाघीण त्या जोडाच्या किंचित डावीकडे येईल. बटण बंद केले की गाडीचे इंजिन निर्जीव. आता कंट्रोलरने, म्हणजे वेग आणि दिशा बदलणाऱ्या डबीने, फक्त बँकर हलतो. तो टेकला की बटण चालू, आणि दोन्ही इंजिने एकदम घाटाकडे. दोन्ही इंजिने एकाच कंपनीची, एकाच प्रकारची घ्या. वेग जुळला नाही तर मागचे पुढच्याला ढकलते आणि मधली हलकी वाघीण रुळावरून उतरते. हेच खऱ्या घाटातही होऊ नये म्हणून ड्रायव्हर जपत असतात.

पुरवठ्याच्या तारा रुळाला डाग देऊन जोडा. २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न, रोझिनचा फ्लक्स. ॲसिडचा फ्लक्स वापरलात तर पुढच्या पावसाळ्यात जोड हिरवा होऊन सुटेल. नुसत्या जोडपट्टीवर विसंबू नका, प्रत्येक तुकड्याला स्वतःची तार द्या.

आणि मग आठवडाभर फक्त गाडी चालवा. पुढे-मागे, हळू, जोरात, वाघिणी ढकलत. जिथे चाक उतरते तिथे आत्ता दुरुस्त करा. खडी टाकल्यावर हात घालता येत नाही.

डोंगर म्हणजे झोपलेला नरकासुर

दिवाळीच्या आदल्या रात्रीसाठी नरकासुर बांधलेला कुणीही गोंयकार डोंगर करू शकतो. काम तेच: आत सांगाडा, वर जाळी, त्यावर कागद. बांबूऐवजी पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्या, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी, त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे तीन-चार थर. फक्त मैद्याची खळ नको. नरकासुर दुसऱ्या दिवशी जळतो, त्याची खळ झुरळांनी खाल्ली काय नि न खाल्ली काय. हा डोंगर वर्षानुवर्षे राहायचा आहे. फेव्हिकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे घ्या. चवथीच्या देखाव्यातून उरलेले थर्मोकोल भरायला चालते, पण त्यावर स्प्रेचा रंग मारू नका, ते विरघळून खड्डे पडतात.

डोंगराला वरून मातीचा हात द्यायचा, आणि माती इथलीच. घाटाची तांबडी माती कुठल्याही रंगाच्या बाटलीत मिळत नाही. रस्त्याकडेची मूठभर सुकी माती आणा, कढईत दहा मिनिटे भाजा म्हणजे किड्यांची अंडी मरतील, कुटा, चहाच्या गाळणीने गाळा. (गाळणी नवी घ्या. आमच्याकडे यावरून बरेच बोलणे झाले आहे.) आता सर्वांत महत्त्वाचे: कागदावर माती पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. आपल्या जांभ्याच्या मातीत लोह असते आणि त्यातले काही कण चुंबकाला चिकटतात. तेच कण पुढे इंजिनाच्या मोटरीतल्या चुंबकाला चिकटतात आणि मोटर कुरकुरायला लागते. चुंबकाला काळी मिशी येणे थांबेपर्यंत फिरवत राहा.

झाडांसाठी नारळाचा काथ्या, वापरून वाळवलेली चहापूड, रंगवलेला लाकडाचा भुसा. घाटातले रान एका हिरव्या रंगाचे नाही, किमान तीन हिरवे करा. माडांची रांग लावायचा मोह होईल. कुळ्याच्या वरच्या उतारावर माड लावू नका, तिथे रान आहे. माड आणि पोफळी खाली, घरांजवळ.

खडी म्हणजे काळ्या दगडाची चाळलेली कच. रुळांमध्ये चमच्याने टाका, मऊ ब्रशने स्लीपरच्या वरची झाडून खाली करा, सांध्याच्या हलत्या भागापासून दूर ठेवा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून हलकेच फवारा, मग निम्मे पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडा. साबण नसला तर गोंदाचे मणी होऊन खडीवर बसतात. एक दिवस हात लावायचा नाही.

चिऱ्याच्या भिंती

स्टेशनच्या आवारातली छोटी बांधकामे, आधारभिंत, एखादे घर करायचे तर चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला दगड, हवा. दाट फोमचा तुकडा घ्या, बॉलपेनाने चिऱ्यांच्या रेघा दाबा. खरा चिरा फूटभर लांब धरला तर मॉडेलमध्ये साडेतीन मिलिमीटर. ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा त्यावर दाबत फिरवला की जांभ्याची भोके उमटतात. रंग एकदम विटकरी देऊ नका. नवा कापलेला चिरा केशरी-तांबडा असतो, दोन पावसाळे झाले की तपकिरी, आणि उत्तरेकडच्या सावलीच्या भिंतीला जवळजवळ काळा. एकाच भिंतीत हे तिन्ही येऊ द्या.

जुनेपणा

इथपर्यंत जे झाले ते नीटनेटके खेळणे आहे. ते खरे वाटायला लागते ते मळवल्यावर, आणि बहुतेक नवशिके इथे चुकतात, कारण ते मळ सगळीकडे सारखा फासतात. मळ कुठून आला हे आधी स्वतःला विचारा. गोव्यात तो तीन ठिकाणांहून येतो: पाणी वरून खाली वाहते, धूळ खालून वर उडते, आणि कोळसा आतून बाहेर सांडतो. प्रत्येकाची दिशा वेगळी, म्हणून ब्रशही त्याच दिशेने फिरायला हवा.

सुरुवात रुळांपासून करा, कारण तिथे बिघडले तरी कळत नाही. रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवा, केशरी नाही. माथा लगेच पुसून चकचकीत ठेवा, वीज तिथूनच जाते. घाट उतरून येणाऱ्या गाड्या ब्रेक दाबूनच येतात, त्यामुळे ब्रेकची लोखंडी धूळ खडीवर बसून तिला तांबूस-तपकिरी छटा येते. कॅसलरॉककडच्या टोकाला ही छटा जास्त, वास्कोकडे कमी. बँकर जिथे उभा राहतो तिथे मधोमध काळा तेलाचा पट्टा. एवढे केले तरी फरक दिसेल.

मग वाघीण. एक जुनी, पडेल ती वाघीण सरावाला घ्या. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मॅट वॉर्निशचा एक हलका हात द्या. गुळगुळीत प्लॅस्टिकवर काही टिकत नाही. आता काळा आणि गडद तपकिरी ॲक्रिलिक रंग मिसळून एका भागाला दहा भाग पाणी आणि साबणाचा थेंब, इतका पातळ की जवळजवळ गढूळ पाणीच. पूर्ण बाजूला लावा, मिनिटभर थांबा, मग ओल्या सपाट ब्रशने वरून खाली एकेक ओढ घेत पुसून काढा. फासळ्यांच्या कोपऱ्यांत जे उरते ते राहू द्या. तेच हवे होते.

वाळल्यावर गंज. स्पंजचा फाटका तुकडा चिमट्यात धरून गंजाच्या रंगात बुडवा, कागदावर बराचसा पुसा आणि मग वाघिणीच्या वरच्या कडेवर, दारांच्या खाली, जिथे माणसे आणि यंत्रे आपटतात तिथे टेकवा. प्रत्येक ठिपक्याखाली पातळ रंगाची एक बारीक ओढ खाली न्या. मोजून सात-आठ. त्यापुढे हात आवरा. आतून मात्र कंजुषी नको: मुरगाव बंदरातून कोळसा घेऊन घाट चढणारी वाघीण आतून काळीच असते.

शेवटी धूळ. स्टेशनरीच्या दुकानातले खडूचे पेस्टल ब्लेडने खरवडून पूड करा, किंवा आपली भाजून चुंबक फिरवलेली तांबडी माती दोनदा मलमलीतून गाळून घ्या. मऊ ब्रशने खालून वर, चाकांच्या बाजूला जास्त, वर जाता जाता संपणारी. चाकांचे तोंड रंगवा, रुळाला टेकणारी कड नाही. यावर मॅट वॉर्निश मारले की पूड अर्धी नाहीशी होते, म्हणून आधीच थोडी जास्त लावायची. वॉर्निशवर नंतर अल्कोहोलचे काही लावू नका, पांढरा थर येतो.

पांढरा थर आणखी एका कारणाने येतो आणि ते मला एका जुलैत कळले. बाहेर धो धो पाऊस, घरात करायला काही नाही, म्हणून तीन रात्री खपून मळवलेल्या वाघिणीवर मी कॅनमधले वॉर्निश फवारले. सकाळी उठून बघतो तर पिठात लोळवल्यासारखी. हवेतले बाष्प ओल्या वॉर्निशमध्ये अडकते. जून ते सप्टेंबर स्प्रेचा कॅन उघडायचा नाही; ब्रशचे काम, झाडे, इमारती तेव्हा करा. फवारणी डिसेंबर-जानेवारीत, दुपारी, वाऱ्याच्या कडेला, तोंडाला मास्क लावून.

इमारतींना पावसाचेच नियम. पांढऱ्या भिंतीवर खिडकीच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांतून काळपट ओघळ, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत उडालेल्या चिखलाची तांबूस पट्टी. मॉडेलमध्ये ही पट्टी अडीच-तीन मिलिमीटरच भरते. मंगलोरी कौलांवर काळे-हिरवे शेवाळ छपराच्या सावलीच्या बाजूला, आणि दोन-चार कौले नवी, लालभडक, कारण दरवर्षी कुणीतरी फुटलेली बदलतेच.

हे जमल्यावर पुढे काय, असे विचाराल तर कोकण रेल्वेवरचा रो-रो. कोलाड ते वेर्णा सपाट वाघिणींवर चढून ट्रक येतात, ही सेवा १९९९ पासून आहे. सपाट वाघीण करायला सोपी आणि ट्रक मळवण्यात मजा वेगळीच. दुकानातल्या खेळण्यातल्या गाड्या मात्र बहुधा १:६४ च्या असतात. वाघिणीवर ठेवल्या की हत्ती पाटावर बसल्यासारखे दिसते.

पावसाळ्याची बेगमी

मे अखेरीस इंजिने आणि वाघिणी हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. लेआउटवर जुनी सुती चादर घाला. प्लॅस्टिकने झाकलात तर आत बुरशी येते. दर आठवड्याला पंखा लावून तासभर हवा द्या. चवथ झाली, आभाळ मोकळे झाले की सुती कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओले करून रुळांचे माथे पुसा, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळ समई-उदबत्ती नसताना. पॉलिश पेपरने घासू नका, त्याच्या चऱ्यांत पुढचा मळ लवकर बसतो. पहिल्या फेरीला फक्त बँकर सोडा, एकटाच, सायडिंगवरून सांध्यापर्यंत. तो अडखळला तर त्या जागी खडूची खूण करा आणि पुन्हा पुसा. गाडी त्यानंतर जोडा.